तिसऱ्या खांबाखालची वाळू

पुलावरून जाणाऱ्याला नदीचं फक्त पाणी दिसतं. तळाशी काय चाललंय ते कळायचं असेल तर दोराला शिशाचं वजन बांधून कठड्यावरून खाली सोडावं लागतं. वजन टेकलं की दोर सैल पडतो; मग दोरावरच्या रंगीत खुणा मोजायच्या. पुरात दोर तिरका ओढला जातो, म्हणून त्याचा कोन बघून थोडी वजाबाकी करायची. म्वाबाला हे काम मनापासून आवडायचं. हाताला न दिसणारी जमीन लागते, असं ती म्हणायची.

फेब्रुवारी अर्धा सरला होता. लुवेझी तांबड्या चिखलाच्या रंगाची होऊन दोन्ही काठ घासत चालली होती. पहिल्या आणि दुसऱ्या खांबापाशी वजन नेहमीच्या जागी टेकलं. तिसऱ्यापाशी सोडलं, तर दोर जातच राहिला.

"तुटलं वाटतं वजन," लेमेकी सोको म्हणाला. तो कार्यालयाच्या पिकअपचा ड्रायव्हर. दोराचं वेटोळं धरून तिच्यामागे उभा होता.

"तुटलं नाही. हाताला ओढ लागतेय."

"मग नदीला बूडच नाही. तुम्हा बेम्बांच्या पोटासारखं."

"आमचं पोट राहू दे. तुझ्या पोटात उंदरांची बिळं झालीत, ती आधी बुजव."

सोको खदखदून हसला. म्वाबाही हसली, पण तिची नजर दोरावरून हलली नाही. अखेर वजन टेकलं तेव्हा तिने खूण पाहिली, पुन्हा वर ओढून पुन्हा सोडलं, पुन्हा तीच खूण. खांबाच्या पायाच्या माथ्यापासून तळापर्यंत जेवढी वाळू असायला हवी होती, त्यातली निम्मीअधिक आता तिथे नव्हती.

या दोघांचं बोलणं ऐकून परका माणूस म्हणेल, यांचं हाडवैर असावं. वैर होतंच, पण खापरपणजोबांच्या काळातलं. तेव्हा सोकोचे न्गोनी आणि म्वाबाचे बेम्बा एकमेकांच्या जिवावर उठले होते. कोण जिंकलं ते अजून ठरलेलं नाही. आणि ते ठरवायच्या नादात पुन्हा भाले निघू नयेत म्हणून दोन्हीकडच्या म्हाताऱ्यांनी सोयरीक जोडली ती थट्टेची. बानुंग्वे, म्हणजे चेष्टेचे सोयरे. बानुंग्वेने ताटातलं मांस पळवावं, बापाच्या नावाने बोटं मोडावीत, मयताच्या घरी जाऊन मेलेल्याची नक्कल करावी. समोरच्याने रागवायचं नाही. रागावला तो हरला. न्गोनी म्हणजे उंदीरखाऊ, बेम्बा म्हणजे माकडखाऊ, एवढ्या भांडवलावर दोन जमातींचा दीडशे वर्षांचा संसार सुखाने चालला आहे.

म्वाबा उत्तरेकडच्या कासामाची, अस्सल बेम्बा. राजधानी लुसाकात इंजिनिअरिंग शिकून न्गोनींच्या मुलखात, चिपाटाच्या रस्ते कार्यालयात लागली, ती तिथली एकुलती एक बेम्बा. पहिल्याच दिवशी प्रमुख जोसाया शावांनी अख्ख्या कार्यालयासमोर तिला विचारलं होतं, "शेपूट घरी ठेवून आलीस की पिशवीत आहे?" तिने क्षणाचाही विलंब न लावता म्हटलं होतं, "तुमच्या मांजरीने ते उंदीर समजून खाल्लं." त्या दिवसापासून ती घरची झाली. शावांच्या बायकोने तिला खोली मिळेपर्यंत स्वतःच्या घरी ठेवून घेतलं, रोज मक्याच्या पिठाचा न्शिमा वाढला. परक्या गावात पहिल्याच दिवशी हक्काच्या शिव्या मिळाव्यात, याहून मोठं स्वागत नाही, असं तिने आईला फोनवर सांगितलं होतं.

लुवेझीवर आधी तराफा होता. दोरखंड ओढून माणसं, बैल, पुढे मोटारी पलीकडे न्यायचे. पूर आला की आठ-आठ दिवस दोन्ही काठांवर मुक्काम पडायचा. मग गोऱ्यांच्या राज्यात लोखंडी पूल झाला, एका वेळी एक गाडी जाईल एवढा. त्याची जागा शोधायला माणसं कोरड्या पात्रातून पहारी ठोकत फिरली होती म्हणतात. जिथे पहार खणखणली तिथे खांब उभे केले. नदी तिथे अरुंद आहे, तळाला काळा कातळ आहे. ते खांब अजून उभे आहेत, वर काही नाही, नुसते बगळे बसतात. स्वातंत्र्यानंतर महामार्ग आला, त्याला दोन पदरी पूल हवा होता आणि वळण नको होतं. म्हणून नवा पूल खालच्या अंगाला, रस्त्याच्या सरळ रेषेत बांधला. तिथे कातळ तिरका उतरत जातो. पहिले दोन खांब त्याच्यावर बसले. तिसऱ्याच्या वेळी कातळ फार खोल गेला, तेव्हा वाळूखालच्या घट्ट खडीवरच पाया टाकला. त्यात चोरी काही नव्हती. कार्यालयाच्या भिंतीवर टांगलेल्या नकाशात ते सरळ दाखवलेलं होतं. तेव्हाच्या नदीला तो पाया पुरेसा खोल होता.

पण नदी तेव्हाची राहिली नव्हती. महामार्ग रुंद करायचं काम निघालं आणि त्यासाठी लागणारी वाळू ठेकेदाराने पुलाच्याच खालच्या अंगाने उपसली. पात्र मीटरभर खाली बसलं. रस्त्यासाठी पुलाखालची जमीन खोदून नेली, याचं म्वाबाला हसू यायचं आणि अंगावर काटाही यायचा.

त्यात पुराची खोड वेगळीच. पाणी चढतं तेव्हा ते खांबावर आपटून खाली वळतं आणि पायाशी भोवऱ्याने वाळू उकरतं. सर्वांत खोल खड्डा पूर चढलेला असतानाच असतो. पूर ओसरायला लागला की तीच नदी वरून आणलेली वाळू त्या खड्ड्यात भरत भरत निघून जाते. सप्टेंबरात कोरड्या पात्रात उभं राहून बघावं तर खांब गळ्यापर्यंत वाळूत. चोराने जाताना अंगण झाडून जावं, तसं.

म्हणून म्वाबाने पुरातच मोजलं. आणि मोजल्यावर तिला एकच गोष्ट हवी होती: पाणी उतरेपर्यंत पूल बंद.

सोमवारच्या बैठकीत शावांनी तिचा अर्ज वाचायला घेतला. शावा उंच, भरल्या अंगाचे, आवाज मऊ. शिपायालाही कधी टाकून बोलले नसतील. त्यांनी कागद डोळ्यांपासून लांब धरला.

"तर आमच्या बेम्बा पाहुण्यांचं म्हणणं आहे की लुवेझीचा पूल बंद करावा. कुठवर? पाणी उतरेपर्यंत. म्हणजे येता शनिवार त्यात आलाच. आणि शनिवारी काय आहे रे मुलांनो?"

"न्च्वाला!" अख्खी खोली ओरडली.

न्च्वाला म्हणजे न्गोनींचा नव्या पिकाचा सण. कातडी नेसून, ढाली-भाले घेऊन हजारो माणसं नाचतात. देशभरातून पाहुणे येतात, ते याच पुलावरून. बेम्बा तर मुद्दाम येतात, मैदानाच्या कडेला उभं राहून न्गोनींना चिडवायला.

"लढाईत हरले," हिशेबनीस मागून म्हणाला, "आता रस्ता अडवायला निघालेत!"

"दीडशे वर्षांनी सुचलं होय गं म्वाबा?"

म्वाबाच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "पूल पडला तर उंदरांना पोहता येतं. काळजी माणसांची आहे."

खोली हादरली. कुणी टेबल बडवलं, कुणी डोळे पुसले. तिला त्याच क्षणी कळलं की आपण चुकलो. चेंडू आला म्हणून टोलवला होता, आणि आता खेळ सुरू झाला होता.

"शावा सर," ती उभी राहिली, "मी थट्टा करत नाहीये. तिसऱ्या खांबाखाली..."

"आई गं!" हिशेबनिसाने दोन्ही हातांनी खुर्ची धरली. "बेम्बा म्हणाली थट्टा नाही! धरा रे, घट्ट धरा!"

न्गोनी-बेम्बांच्या प्रत्येक थट्टेची सुरुवात 'मी थट्टा करत नाहीये' अशीच होते. तिला हे ठाऊक होतं. पण गंभीर माणसाने दुसरं काय म्हणायचं असतं, ते तिला आठवेना.

बैठकीनंतर ती त्यांच्या खोलीत गेली. दार लावून घेतलं. शावांनी तिला बसवलं, सगळं ऐकून घेतलं.

"पोरी, दर सप्टेंबरात मी स्वतः त्या खांबाला हात लावून येतो. गळ्यापर्यंत वाळू असते."

"सप्टेंबरात असते, सर. पुरात नसते. आणि ती परत भरलेली वाळू भुसभुशीत असते, पुढच्या पुरात पहिली तीच जाते."

"त्या खांबाचं काँक्रीट ओतलं तेव्हा मी शाळेत होतो. बघायला गेलो होतो वडिलांचं बोट धरून. तेव्हापासून किती पूर गेले त्याच्या अंगावरून?"

"तेव्हा पात्र मीटरभर वर होतं."

शावांनी मान वळवली. खिडकीबाहेर कुणीतरी सणाच्या नाचाचा ताल पायाने धरत होतं. क्षणभर त्यांच्या चेहऱ्यावर थट्टेचा मागमूस नव्हता, आणि म्वाबाला वाटलं, पटलं.

"समज, मी बंद केला," ते म्हणाले. "लुसाकाहून मंत्री निघालेत, पाहुणे निघालेत. लोक विचारतील, कुणाच्या सांगण्यावरून? मी सांगू, बेम्बा पोरीच्या? न्च्वालाच्या आठवड्यात? आणि पूल नाही पडला तर? माझी नातवंडं म्हातारी होईपर्यंत ही गोष्ट चुलीपुढे सांगतील लोक."

"आणि पडला तर?"

त्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग त्यांच्या ओठांवर हळूहळू ते ओळखीचं हसू आलं, जणू कुणी थंडीत अंगावर घोंगडं ओढून घ्यावं. "तर तुम्ही बेम्बा म्हणाल की लढाई आम्ही जिंकलो. जा, कामाला लाग, माकडखाऊ."

तिने थेट लुसाकाच्या मुख्य कार्यालयाला लिहिलं. प्रांताच्या प्रमुखांमार्फत पाठवावे, असं एका ओळीचं उत्तर आलं. प्रांताचे प्रमुख म्हणजे शावाच.

मग तिला मुबिटा आठवला. कार्यालयातला मोजणीदार, लोझी माणूस. लोझींची थट्टा टोंगांशी. न्गोनींशी त्यांचं घेणं ना देणं. मुबिटाने 'पूल धोक्यात आहे' म्हटलं तर त्याचा अर्थ पूल धोक्यात आहे एवढाच होणार होता.

"तू फक्त आकडे सांग," ती म्हणाली. "माझं नावही घेऊ नकोस."

"बघतो."

"बघतो नाही, मुबिटा. माणसं आहेत त्या रस्त्यावर."

गुरुवारी चहाच्या वेळी मुबिटा शावांच्या समोर उभा राहिला. घसा खाकरला. "सर, ते लुवेझीच्या तिसऱ्या खांबाचं... म्वाबा म्हणते..."

पुढचं कुणालाच ऐकू आलं नाही. "बघा, बघा! आता लोझीला वकील केलाय!" हसण्याच्या लाटेत मुबिटाही ओशाळवाणा हसला.

"माझं नाव का घेतलंस?" तिने नंतर त्याला गाठलं.

"वजन तू सोडलंस, मी नाही. उद्या काही झालं नाही तर मी काय सांगू? माझी बदली व्हायचीय मोंगूला. घरी जायचंय मला, म्वाबा."

शनिवारी सकाळी तिने सोकोला उठवलं. तो कुरकुरत आला, पण नाचाला तयार होऊनच आला: कमरेला कातडं, पोटऱ्यांना पांढऱ्या बकऱ्याच्या केसांच्या झिरमिळ्या, आणि वर कार्यालयाचं निळं जाकीट.

"दुपारपर्यंत सोडायचं मला," तो गाडी चालवता चालवता म्हणाला. "शावादादाने सांगितलंय, पहिल्या रांगेत नाचायचंस म्हणून." शावा त्याच्या मावशीचे थोरले, तो त्यांना दादा म्हणायचा. "तुझी नदी पाहून घे आणि मग तूही चल. मैदानात उभी राहून शिव्या दे आम्हाला. दर वर्षी कासामाहून भाड्याने बेम्बा आणावे लागतात, यंदा घरचा आहे."

पूल ओलांडून ते पश्चिम काठावर थांबले, कारण पातळीची पट्टी त्या बाजूला होती. पाणी पट्टीच्या वरच्या लाल रेघेला टेकलं होतं. म्वाबा पुलावर चालत गेली. तिसऱ्या खांबापाशी पोचण्याआधीच तिला दिसलं: खांबांमधले दोन गाळे जिथे जुळतात तिथे डांबरात आडवी पायरी पडली होती. बोटभर. कालपर्यंत नव्हती. ती वाकून बघत असतानाच चिपाटाकडून सिमेंटचा ट्रक आला आणि धडधडत गेला. तिने पुन्हा बोट लावलं. पायरी दोन बोटं झाली होती.

वजन सोडायची गरज नव्हती. तरी तिने सोडलं. ते खांबाच्या पायाच्याही तळाखाली गेलं.

"सोको! गाडी आडवी लाव! रस्ता बंद कर!"

सोकोने पिकअप रस्त्यावर आडवी घातली. काठावरच्या झाडांच्या फांद्या तोडून त्याने रस्त्यात पसरल्या. त्या भागात रस्त्यात फांद्या दिसल्या की आंधळाही गाडी थांबवतो. पाहुण्यांची एक मिनीबस आली, थांबली, भोंगा वाजवू लागली. पण पूर्वेकडचं टोक उघडंच होतं. तिथे पोलिसांचं ठाणं होतं, आणि शावांच्या तोंडी हुकमाशिवाय ते रस्त्यावरचा दोरीचा अडसर खाली सोडणार नव्हते. तिने ठाण्याला फोन केला. हवालदार म्हणाला, साहेबांना सांगायला सांगा, मॅडम, आम्ही लगेच रस्ता बंद करतो.

तिने शावांना फोन लावला. तिकडे ढोल चालले होते, पायांच्या थापांनी जमीन धडधडत होती.

"सर, तिसरा खांब बसतोय. पूर्वेचं ठाणं तुम्ही सांगितल्याशिवाय ऐकत नाही. एक फोन करा. फक्त एक."

"कोण? म्वाबा? अरे थांबा, थांबा!" त्यांचा आवाज फोनपासून दूर गेला. "आमची बेम्बा बोलतेय पुलावरून! ऐका सगळे!" आणि त्यांनी फोनचा आवाज मोठा करून तो मैदानाच्या माइकसमोर धरला. तिला आपलंच बोलणं त्या मैदानावर फुटताना ऐकू आलं.

"सर, मी तुमच्या पाया पडते. डांबरात पायरी पडलीय. ट्रक येतायत. फोन करा!"

"पाया पडतेय! बेम्बा पाया पडतेय!" कुणीतरी ओरडलं आणि शिट्ट्या उठल्या. "लढाईत का नाही पडली?"

तिला रडू फुटलं. रडण्याचा आवाजही मैदानावर गेला.

"रड, रड," एक म्हातारी प्रेमाने म्हणाली, "तुझ्या खापरपणजीचंही असंच झालं होतं."

हसण्यात फोन बंद झाला. पुन्हा लावला तर कुणी उचलेना.

सोकोने सगळं ऐकलं होतं. तो पूर्वेच्या टोकाकडे बघत होता. लांबून आणखी एक ट्रक येताना दिसत होता.

"मी पळत जातो पलीकडे," तो म्हणाला. "कातडं नेसलेला न्गोनी रस्त्यात उभा राहिला तर ट्रकवाला थांबेलच."

"नको. खांब..."

"मग तू जातेस? बेम्बाला पळता येत नाही. पळता येत असतं तर तुम्ही लढाईतून सुटला असता." आणि तो निघालाही. दोन्ही हात वर करून, पोटऱ्यांवरच्या पांढऱ्या झिरमिळ्या उडवत.

"कडेने जा! कठड्याला धरून जा!" ती ओरडत राहिली.

खांब कोसळला नाही. तो आधी बसला, गुडघ्यात वाकल्यासारखा. मग वरच्या अंगाला, नदीच्या उगमाच्या दिशेने कलला. ज्या बाजूची वाळू आधी जाते त्या बाजूला खांब कलतो, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. म्वाबाच्या मनाच्या एका कोपऱ्याने ते त्या क्षणी नोंदवून घेतलं, आणि त्या कोपऱ्याचा तिला पुढे कायम तिटकारा वाटत राहिला. दोन गाळे एकदम खाली गेले. पाण्याचा आवाज आधीच इतका मोठा होता की त्यात वेगळा आवाज फारसा आलाच नाही. पलीकडच्या ट्रकने करकचून ब्रेक लावले आणि तो काठावर थांबला.

मिनीबसमधली माणसं खाली उतरून उभी होती. भोंगा वाजवणारा ड्रायव्हर डोक्यावर हात ठेवून जमिनीवर बसला होता. तेवढ्या सगळ्यांत एकटा सोको पुलावर होता.

दोन दिवसांनी तो खाली, जिथून वाळू उपसली होती त्या डोहात सापडला.

मयत शावांच्या अंगणात ठेवलं होतं, कारण थोरलं घर तेच. न्गोनीच्या मयताला बेम्बांनी राबायचं असतं: लाकडं फोडायची, न्शिमाचं मोठं भांडं ढवळायचं, खड्डा खणायचा, आणि रडणाऱ्यांना हसवायचं. त्याशिवाय मेलेला सुटत नाही आणि जिवंतांचा घास उतरत नाही. गावातल्या पोलिसांतले दोघे बेम्बा आले, शाळेतला मास्तर आला. म्वाबा सकाळपासून लाकडं फोडत होती. तळहात सोलवटले तरी थांबली नव्हती.

लुसाकाहून चौकशीसाठी साहेब आले होते. टोंगा गृहस्थ, सभ्य. आंब्याखाली चटईवर बसून त्यांनी आधी शावांशी हलक्या आवाजात बोलून घेतलं, मग म्वाबाला बोलावलं.

"तुम्ही आधी सूचना दिली होती, असं म्हणता?"

"लेखी दिली. बैठकीत दिली. फोनवर दिली. हजारो माणसांनी ऐकली."

साहेबांनी शावांकडे पाहिलं. शावांचे डोळे दोन दिवसांत खोल गेले होते. "खोटं कसं म्हणू," ते म्हणाले. "म्हणत होतीच ती. पण साहेब, ती माझी बानुंग्वे आहे. ती म्हणते माझ्या पोटात उंदीर आहेत. ती म्हणते माझा आजा झाडावर लपला होता. त्यातलं कुठलं खरं धरायचं ते मला कोण सांगणार?"

साहेबांनी मान हलवली, समजून घेणारी, दमलेली. "आमचंही लोझींशी असंच आहे," ते म्हणाले. आणि म्वाबाला म्हणाले, "पूर अभूतपूर्व होता, हे तर खरंच ना?"

"नव्हता. पट्टीवर लाल रेघेच्याही वर जुन्या पुरांच्या दोन खुणा आहेत."

"बरं, बरं," साहेब म्हणाले. "आज मयताचा दिवस आहे."

तेवढ्यात बायकांच्या घोळक्यातून हाक आली. "बेम्बा कुठे गेली? इतका वेळ झाला, एक शब्द नाही तिच्या तोंडून! लेमेकीला असंच पाठवणार का?" सोकोची बायको, एडिना, भिंतीला टेकून बसली होती. दोन दिवस तिने काही खाल्लं नव्हतं. मास्तरने मघाशी सोकोच्या चालण्याची नक्कल केली, तेव्हाही तिने मान वर केली नव्हती. "तूच होतीस ना रोज त्याच्याबरोबर," म्हाताऱ्या म्हणाल्या, "तू बोललीस तर हसेल ती."

नाही म्हणणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. म्वाबा कुऱ्हाड ठेवून अंगणाच्या मधोमध आली आणि शावांसमोर उभी राहिली.

"शावा," ती म्हणाली. "तू मारलंस याला."

अंगणातली सगळी डोकी तिच्याकडे वळली. मग एका म्हातारीला हसू फुटलं. "आली! आली बेम्बा!"

"मी तुला सांगितलं होतं खालची वाळू गेलीय. तू म्हणालास, मंत्री येतायत."

लोक हसले.

"एक फोन करायचा होता तुला. एक. ठाण्यावरचा माणूस दोरी धरून उभा होता. तू ढोल वाजवत बसलास, आणि तुझा भाऊ कातडं नेसून तुझं काम करायला पळाला."

"बाई गं! सोडत नाही माकडखाऊची पोर!" टाळ्या पडल्या. हिशेबनीस गुडघ्यांत डोकं घालून हसत होता. मुबिटा कुंपणापाशी उभा होता. त्याने तोंड फिरवलं, पण खांदे त्याचेही हलत होते. लुसाकाच्या साहेबांनी हसू लपवायला रुमाल तोंडाला लावला.

"मी गंभीर आहे!" म्वाबा किंचाळली. "याला पुराने नाही मारलं, तुझ्या लाजेने मारलं! बेम्बाचं ऐकलं असं लोक म्हणतील, म्हणून मारलंस तू याला!"

आता हसण्याला बांधच राहिला नाही. माणसं एकमेकांच्या अंगावर कलंडली. आणि भिंतीपाशी एडिनाने मान वर केली. तिचे ओठ थरथरले, आणि पाणी वाहणाऱ्या डोळ्यांनी ती हसली. आधी नुसता श्वास, मग आवाज. बायकांनी आनंदाने तिला मिठ्या मारल्या. कुणी लगबगीने न्शिमाची ताटली आणली. एडिनाने एक घास तोडला, तोंडात घातला.

शावा हसत नव्हते. ते म्वाबाकडे बघत होते आणि त्यांचा चेहरा राखेसारखा झाला होता. मग त्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं: म्हाताऱ्यांकडे, साहेबांकडे, जेवणाऱ्या एडिनाकडे. सगळ्यांची तोंडं हसरी होती. त्यांच्या खांद्यांवरून काहीतरी उतरल्यासारखं झालं. सर्वांत शेवटी शावांनाही हसू आलं. त्यांनी पुढे होऊन म्वाबाचे सोलवटलेले हात आपल्या दोन्ही हातांत घेतले.

"बोल," ते म्हणाले, "अजून बोल, माकडखाऊ. मन हलकं होतंय."

"अजून!" घास चावता चावता एडिना म्हणाली. "थांबू नको गं."

म्वाबाने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला. त्यांची पकड घट्ट होती. ती बोलत राहिली. पायाची खोली, पात्र किती खाली बसलं ते, डांबरातली पायरी, सगळं एकेक करून सांगत राहिली, आणि दर वाक्याला अंगण हसत राहिलं.